लाइन क्लिअर

माझे वडील स्टेशन मास्तर होते. दौंड-मनमाड मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर ते काही दिवस माझ्याकडे राहायला आले होते. मी तेव्हा एका जिल्हा रुग्णालयात कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर होतो. एका रात्री, ड्यूटी संपली की मला सोबत घेऊनच घरी जायचं, म्हणून अण्णा अपघात विभागाबाहेरच्या बाकावर येऊन बसले.

उसाचा हंगाम होता. साडेदहाच्या सुमाराला ट्रॉली उलटून डोक्याला मार लागलेला एक तिशीतला माणूस आला. कानातून रक्त येत होतं, बोलणं असंबद्ध होतं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती. मी आणि सिस्टरांनी जे करायचं ते केलं. श्वासाची वाट मोकळी केली, सलाइन लावलं, मानेला आधार दिला, जखम बांधली. आमच्याकडे न्यूरोसर्जन नव्हता. मी केस पेपरवर नेहमीचं वाक्य लिहिलं, ‘पुढील उपचारासाठी वरिष्ठ रुग्णालयात रेफर’, खाली सही केली आणि गाडी रवाना केली. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. काम चांगलं झालं असंच मला वाटत होतं.

घरी जाताना अण्णांनी विचारलं, “पुढच्यानं लाइन क्लिअर दिली होती का रे?”

मला प्रश्न कळलाच नाही. त्यांनी समजावून सांगितलं. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं तिकडून यंत्र फिरवल्याशिवाय इकडच्या यंत्रातून टोकनचा पोलादी गोळा बाहेर पडत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. फाटकवाल्याशी फोनवर बोलायचं झालं, तरी दोन्हीकडून प्रायव्हेट नंबर सांगायचा, ऐकायचा, वेळेसकट रजिस्टरात लिहायचा. पुढचा मास्तर ओळखीचा असो, मेहुणा असो, नंबर घेतल्याशिवाय भागत नाही. “मालगाडीत गहू असला तरी विचारतात,” अण्णा म्हणाले. “तू माणूस पाठवलास.”

तिसऱ्या दिवशी त्या माणसाचा भाऊ कागदांसाठी आला, तेव्हा पुढचं कळलं. आम्ही पाठवलं त्या मोठ्या रुग्णालयात त्या रात्री स्कॅनचं मशीन बंद होतं. तिथून त्यांना आणखी पुढे पाठवलं. वाटेतच तो गेला. आणि आमच्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, उलट दिशेला, एका ट्रस्टच्या रुग्णालयात त्या रात्री न्यूरोसर्जन हजर होता, मशीनही चालू होतं. हे मला कळायला एक फोन पुरे होता. तो मी केला नव्हता. कुणी करतच नसे.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती ही रात्र. पुस्तक लिहिलं आहे अपघात विभागातल्या परिचारिकांनी, रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांनी आणि रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या ऑपरेटरांनी. औषधं किती द्यायची, टाके कसे घालायचे, हे यात नाही. एका रुग्णालयानं दुसऱ्याशी संकटाच्या वेळी बोलायचं कसं, एवढाच याचा विषय आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या साडेपाच वर्षांत हा विषय मला कुणी शिकवला नाही. मीही पुढे अनेक वर्षं कुणाला शिकवला नाही.

विषय नवा मात्र नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो १९९६ सालीच निकालात लिहून ठेवला आहे.

८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी पाऊण आठच्या सुमाराला बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनात एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला आणि मेंदूला मार लागला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून त्याला पुढे पाठवलं. रात्री पावणेबाराला तो कलकत्त्याच्या नीलरतन सरकार रुग्णालयात पोहोचला. कवटीचे दोन एक्स-रे निघाले, ताबडतोब दाखल करायला हवं असं ठरलं, पण खाट रिकामी नव्हती. तिथून कलकत्ता मेडिकल कॉलेज. खाट नाही. तिथून शंभुनाथ पंडित रुग्णालय. मेंदूवरच्या उपचाराची सोय नाही. तिथून नॅशनल मेडिकल कॉलेज. खाट नाही. मग बांगुर न्यूरॉलॉजी संस्था. बाहेरून १३१० रुपये मोजून करून आणलेला सीटी स्कॅन पाहून तिथं सांगण्यात आलं, की मेंदूत रक्तस्राव आहे, प्रकरण तातडीचं आहे आणि इथं हाताळता येण्यासारखं नाही. मग एसएसकेएम. तिथंही नाही. एक आरोग्य केंद्र आणि शहरातली सहा सरकारी रुग्णालयं पालथी घातल्यावर त्याला एका खासगी रुग्णालयात दाखल करावं लागलं. तो वाचला. १३-१४ दिवसांच्या उपचाराला सुमारे १७ हजार रुपये लागले. शेतमजुराचे १७ हजार, १९९२ सालचे.

पश्चिम बंग खेत मजदूर समिती हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. मे १९९६ मध्ये निकाल लागला. तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमानं दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असं न्यायालयानं म्हटलं आणि २५ हजारांची भरपाई दिली. वकील आणि कार्यकर्ते या निकालाचा हाच भाग सांगतात, आणि तो सांगायलाच हवा. पण पुढे न्यायालयानं काय काय करायला हवं याची यादी दिली आहे, आणि त्या यादीत एक कलम आमच्या कामाचं आहे: सरकारी रुग्णालयांमध्ये केंद्रीय संपर्क यंत्रणा असावी, म्हणजे जिथं खाट असेल तिथं रुग्णाला ताबडतोब पाठवता येईल.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ट्रॉलीखाली सापडलेला तो माणूस जाऊन काही वर्षं झाली होती. वाचून बराच वेळ हातातला कागद खाली ठेवला नाही. त्या शेतमजुराला कलकत्त्यात सहा ठिकाणी नकार मिळाला, त्यातल्या कुणाला दुष्ट म्हणता येईल असं मला वाटत नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं खरंच सांगितलं असेल. खाट नव्हती, तर नव्हती. पण सहा खऱ्या उत्तरांची बेरीज करण्याचं काम कुणाचंच नव्हतं. ते त्या जखमी माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी केलं, रस्त्यावर, मध्यरात्री, एकेका दारात जाऊन. आजही आपल्याकडे ते काम बहुतेक वेळा नातेवाईकच करतात. मोबाइलवर ओळखीचा डॉक्टर शोधतात, नगरसेवकाला उठवतात, मामाच्या शेजाऱ्याला फोन लावतात. ज्याची कुठंच ओळख नाही, तो गाडीत बसून राहतो.

फोन का होत नाही, याचा या पुस्तकातला विचार मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला. यंत्रणा नाही, नंबर सापडत नाही, बोर्डावर कुणी उचलत नाही, ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी भीती आहे, आणि ती दोन्ही बाजूंना आहे. पाठवणाऱ्याला वाटतं, विचारलं तर नाही म्हणतील. न विचारता गाडी दारात उभी केली तर घ्यावंच लागेल. घेणाऱ्याला वाटतं, फोनवर हो म्हटलं की जबाबदारी माझी. उद्या काही झालं तर नाव माझं येईल. त्यापेक्षा ‘पाठवा, बघू’ म्हणावं, किंवा फोन दुसऱ्याकडे द्यावा. मी दोन्ही बाजूंना काम केलं आहे, दोन्ही भीती माझ्या अंगात होत्या. रात्री दोन वाजता खाली दोन रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपलेले असताना तिसऱ्याला हो म्हणायला छाती लागते. या भीतीला नावं ठेवून ती जात नाही. हो म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीशी त्याचं रुग्णालय लेखी उभं राहील, तेव्हा ती कमी होईल. रेल्वेत लाइन क्लिअर देणारा मास्तर स्वतःच्या मर्जीनं देत नाही, नियमानं देतो. म्हणून त्याला देता येते.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण लाइन क्लिअरची उपमा मला प्रिय असली तरी ती एका ठिकाणी फसवी आहे. मालगाडी सिग्नलला तासभर उभी राहिली तरी गहू मरत नाही. पुढच्याचा होकार येईपर्यंत रुग्णाला नुसतं थांबवून ठेवणं हा दुसरा गुन्हा होईल. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे, की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. तेव्हा आधी हाताशी आहे ते सगळं करायचं, आणि ते करत असतानाच दुसऱ्या कुणीतरी फोन लावायचा. फोन लावणारा आणि हात लावणारा ही दोन माणसं असली पाहिजेत. या पुस्तकानं हा मुद्दा तीनदा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितला आहे. संपादनात तो एकदाच ठेवावा अशी सूचना आली होती. मी तिन्ही ठिकाणी ठेवायला सांगितलं.

आपल्याला हे जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्याला हे उत्तम जमतं, आणि त्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरून सायरन वाजवत जातं. अवयवदान. मेंदू मृत झालेल्या एखाद्याच्या घरच्यांनी संमती दिली, की मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांचं काम सुरू होतं. प्रतीक्षा यादी एका ठिकाणी असते. कोणता अवयव कुठं जाणार हे नियमानं ठरतं. घेणारं रुग्णालय आधी तयार होतं, शस्त्रक्रियेचं टेबल आधी रिकामं होतं, तिकडचा रुग्ण आधी आत घेतला जातो, आणि मग इकडून पेटी निघते. वाहतूक पोलीस चौकाचौकात उभे राहतात. हृदय शरीराबाहेर काढल्यावर साधारण चार तासांच्या आत बसवावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी ‘पाठवा, बघू’ म्हणत नाही. २०११ च्या दुरुस्तीपासून प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात समन्वयक नेमणं कायद्यानंच बंधनकारक आहे. फोन करणं ही त्या माणसाची नोकरी आहे.

आता त्याच रस्त्यावरून, त्याच वेळी, हृदयविकाराचा झटका आलेला एक जिवंत माणूस रिक्षातून चालला आहे. त्याचंही हृदय चार तास थांबत नाही. त्याच्यासाठी पुढे कुणी फोन केलेला नाही. पहिल्या रुग्णालयात ईसीजी निघतो, तिथं अँजिओप्लास्टी होत नाही, दुसऱ्याची कॅथलॅब रात्री बंद असते, तिसऱ्यात आधी पैसे भरायला सांगतात. अवयवाच्या पेटीसाठी जे शहर बाजूला सरतं, त्या शहराचा मला अभिमान आहे. तेच शहर रिक्षातल्या माणसासाठी का सरू शकत नाही, याचं उत्तर पैशात किंवा यंत्रात शोधून मला सापडलेलं नाही. पेटीसाठी आपण एक माणूस नेमला, रिक्षासाठी नेमला नाही. ग्रामीण रुग्णालयातून ईसीजीचा फोटो काही मिनिटांत हृदयरोगतज्ज्ञाच्या मोबाइलवर जातो आणि उत्तर येतं, अशी कामं राज्यात सुरू झाली आहेत आणि ती फार मोलाची आहेत. काही ठिकाणी ती नीट बसवलेल्या व्यवस्थेतून चालतात, काही ठिकाणी दोन-चार कळकळीच्या डॉक्टरांनी उघडलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपवरचा तो डॉक्टर बदलीवर गेला, की ग्रुप मुका होतो.

रुग्णवाहिकांच्या बाबतीत महाराष्ट्रानं मोठी मजल मारली. १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटर वगैरे सोयींच्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षणाच्या. गाडीत डॉक्टर, ड्रायव्हरला पायलट म्हणण्याची पद्धत, आणि राज्यभरच्या हाका पुण्यात एका ठिकाणी घेणारं केंद्र. त्याआधी गावाकडे बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण जीपमध्ये, टेम्पोत, कधी बैलगाडीत यायचा. ते मी पाहिलेलं आहे, म्हणून १०८ ची किंमत मला ठाऊक आहे. पण हाक आणि गाडी यांच्यामधला दुवा जितका पक्का झाला, तितका गाडी आणि अपघात विभाग यांच्यामधला झाला नाही. गाडीतला डॉक्टर अर्धा तास रुग्णाशेजारी बसलेला असतो. रक्तदाब कधी खाली गेला, झटका कधी आला, शुद्ध कधी हरपली, हे जगात फक्त त्यालाच ठाऊक असतं. आणि दारात पोहोचल्यावर वॉर्डातले मामा स्ट्रेचर ओढत असताना चालता चालता तो जे सांगतो, ते ऐकायला तिथं कुणी उभं नसतं. सही घेतली जाते, स्ट्रेचर परत मागितलं जातं, गाडी पुढच्या हाकेला निघून जाते. सोबत गेलेली माहिती परत मिळवायला आम्हाला पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं, आणि तेही बेशुद्ध माणसाला किंवा रडणाऱ्या आईला. गाडीवरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं प्रकरण याच दारातल्या दोन मिनिटांवर आहे. माझ्या मते ते या पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण आहे.

मोठी आपत्ती येते तेव्हा ही एकाची गोष्ट शेकड्यांची होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रस्ते बंद, वीज बंद, फोन बंद. त्याला वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच ११ जुलै २००६ ला संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून अवघ्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोडपासून मीरा रोड-भाईंदरपर्यंत. दोनशेच्या आसपास माणसं गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. रुळांशेजारच्या वस्त्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरींची झोळी करून, मिळेल त्या वाहनातून जखमींना जवळच्या रुग्णालयात नेलं. मुंबईच्या माणसांनी त्या संध्याकाळी जे केलं, त्याला तोड नाही. पण चादरीतून येणाऱ्या रुग्णाच्या मागे कुठलंही नियंत्रण केंद्र नसतं. तो जवळच्या दारात येतो. मोबाइलवर इतका ताण आला, की फोन लागेनात. घरचे लोक रात्रभर सायन, केईएम, नायर, भाभा, कूपर, भगवती असे फिरत राहिले, कारण कोण कुठं आहे याची एकत्र यादी कुणाजवळच नव्हती.

अशा वेळी रुग्णालयांमधलं बोलणं दोन कामांसाठी लागतं. एक, जखमींची विभागणी: सगळ्यात गंभीर माणसं सगळ्यात जवळच्या नव्हे, तर त्यांना टेबल देऊ शकेल अशा ठिकाणी जावीत. लाल, पिवळी, हिरवी, काळी ही पट्टी मनगटाला बांधण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा लाल पट्टीचा अर्थ बाजूच्या रुग्णालयातही लालच असेल. दुसरं काम नावांचं, आणि ते आपण फार उशिरा आठवतो. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. केईएममध्ये मृतांच्या कपाळावर क्रमांक लिहून त्यांचे फोटो नातेवाइकांना पाहण्यासाठी लावले होते. त्यावर फार टीका झाली. प्रत्येक घरच्या माणसाला एकेक मृतदेह पाहत जावं लागू नये म्हणून तसं केल्याचं रुग्णालयानं सांगितलं. मला त्या टीकेमागचं दुःख कळतं, आणि तो क्रमांक लिहिणाऱ्याची अडचणही कळते. ओळख पटवण्याचं काम कुणालातरी करावंच लागतं. ते हळुवारपणे करायचं असेल, तर पट्ट्या, फॉर्म, एक शांत खोली आणि बोलायला बसणारा एक माणूस आधीपासून ठरलेला असावा लागतो. घटनेच्या तासाला सुचेल ते उपाय उघडे-वाघडेच असणार.

आपत्तीच्या प्रकरणात लेखकांनी रंगीत तालमीवर बरीच पानं खर्च केली आहेत. ती थोडी कंटाळवाणी आहेत, हे मी त्यांनाही सांगितलं. पण तालमीची नोंद कंटाळवाणीच असते आणि तिच्यातूनच कळतं, की वायरलेस संचाची बॅटरी चार महिन्यांपूर्वीच संपली आहे आणि मागच्या फाटकाची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस रजेवर आहे.

करोनाच्या काळात आपण हे सगळं एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. मे २०२० मध्ये मुंबईत खाटेसाठी लोक सैरावैरा फोन करत होते. एका मध्यवर्ती क्रमांकावर सगळ्या शहराचा भार पडला होता. मग जूनच्या सुमाराला महापालिकेनं २४ वॉर्डांत वॉर रूम उघडल्या. तपासणीचे अहवाल आधी पालिकेकडे येऊ लागले, वॉर्डातून रुग्णाच्या घरी फोन जाऊ लागला आणि खाट वॉर्डानं द्यायची असं ठरलं. शिक्षक, कारकून, शिकाऊ डॉक्टर त्या फोनवर रात्र-रात्र बसले. त्यांच्या हातून चुकाही झाल्या, लोकांना उत्तरासाठी तासन्‌तास थांबावंही लागलं, दुसऱ्या लाटेत तर फारच. पण खाट शोधण्याचं काम नातेवाइकाकडून काढून एका ठरलेल्या खोलीकडे दिलं गेलं, ही गोष्ट लहान नव्हे. एप्रिल २०२१ च्या मध्याला एका रात्री सहा रुग्णालयांत ऑक्सिजन कमी पडू लागला, तेव्हा १६८ रुग्ण दुसरीकडे हलवले गेले. १६८ माणसं ऑक्सिजनवर असताना, रातोरात. त्या रात्रीमागे किती फोन असतील, आणि त्या प्रत्येक फोनच्या दुसऱ्या टोकाला हो म्हणणारं कुणीतरी बसलेलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्सिजनच्या बाबतीत दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितलं.

साथ ओसरली आणि त्या खोल्यांतले फोन उचलून ठेवले गेले. ही गोष्ट मला अजून लागते. रोजच्या रोज होणारे अपघात, पक्षाघात, अडलेली बाळंतपणं, जळालेली माणसं यांना साथ म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वॉर रूम नाही. खाटांचे आकडे दाखवणारे पडदे मात्र अजून अधूनमधून बसवले जातात, उद्घाटनं होतात. पडद्याला माझा विरोध नाही. पण पडद्यावर ‘३ रिकाम्या’ दिसतं तेव्हा तो आकडा सकाळी आठचा आहे की आत्ताचा, हे पडदा सांगत नाही. त्या तीनपैकी एकीची व्हेंटिलेटरची नळी तुटली आहे आणि एकीवर आत्ताच टेबलावरून रुग्ण यायचा आहे, हे त्या वॉर्डातल्या सिस्टरलाच ठाऊक असतं. तिला विचारायला माणूस लागतो.

आता थोडं बोलण्याविषयी. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना फोनवर बोलता येत नाही, हे मी जबाबदारीनं म्हणतो. आम्ही गोष्ट सांगतो. “सर, एक पेशंट आहे, काल शेतात गेला होता, संध्याकाळी आला, बायकोनं पाहिलं...” तिकडचा माणूस चौथ्या वाक्याला कान काढून घेतो. या पुस्तकात एका मिनिटाच्या फोनचा साचा दिला आहे. मी कोण आणि कुठून बोलतोय, रुग्णाला आत्ता काय झालंय, आधीचं काय महत्त्वाचं, मला काय वाटतं आणि तुमच्याकडून काय हवंय. शेवटची गोष्ट आमच्याकडून हमखास राहते. मागणं संकोचाचं वाटतं. “तुमच्याकडे आत्ता न्यूरोसर्जन आणि स्कॅन आहे का, आणि तुम्ही हा रुग्ण घेताय का,” एवढं स्पष्ट विचारायला मला चाळिशी गाठावी लागली.

आणि ऐकणाऱ्यानं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. हा भाग मराठीत तर फारच गरजेचा आहे. आपल्या भाषेत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे खरखरणाऱ्या फोनवर एकमेकांत मिसळून जातात. बोलणारा मराठी, ऐकणारा हिंदी किंवा मल्याळी असला, की काही विचारू नका. रक्तदाब ‘साठ’ सांगितला आणि तिकडे ‘आठ’ ऐकू आला, असं होतं. सिस्टरांनी त्यावर साधा उपाय लिहिला आहे: आकडा सुटा सुटा सांगा. ‘सहा, शून्य.’ ते वाचताना मी क्षणभर थांबलो. अण्णा फोनवर प्रायव्हेट नंबर अगदी असाच सांगायचे. लहानपणी क्वार्टरच्या ओट्यावर झोपलेलो असताना रात्री तो आवाज यायचा: “सात, तीन. सात, तीन. बरोबर.” मग थोड्या वेळानं गाडी जायची.

ऑपरेटरांनी लिहिलेली पानं थोडी आहेत, पण त्यांच्या कामाविषयी असं काही छापलेलं मी याआधी वाचलं नव्हतं. मोठ्या रुग्णालयाचा बोर्ड सांभाळणाऱ्या बाईंना कोणता डॉक्टर खरोखर फोन उचलतो, कोणत्या वॉर्डाचं एक्स्टेन्शन कायम बिघडलेलं असतं, कोणत्या गावाहून येणारा फोन नेहमी घाईचा असतो, हे पाठ असतं. आपत्तीच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही. आपत्ती आल्यावर पहिला फोन मात्र त्यांच्याकडेच येतो. यापुढे बैठकीत एक खुर्ची त्यांची असावी, ही मागणी त्यांनी अतिशय सौम्य शब्दांत केली आहे. मी ती इथं मोठ्यानं करतो.

पुस्तक कुणी वाचावं? वैद्यकीय अधीक्षकांनी वाचावंच, पण त्यांनी नुसती प्रत मागवून कपाटात ठेवू नये. प्रत अपघात विभागात, फोनशेजारी असावी, तिच्यावर चहाचे डाग पडावेत. मागच्या बाजूला एक कोरं पान मुद्दाम सोडलं आहे, रकाने आखून: रुग्णालय, तिथं काय आहे, थेट नंबर, रात्री कोण उचलतं. पहिलं प्रकरण वाचायच्या आधी ते पान भरा. नंबर प्रत्यक्ष लावून बघा, समोरच्याला नाव विचारा, आपलं सांगा. आणि पेन्सिलीनं लिहा, कारण सहा महिन्यांनी त्यातले निम्मे बदललेले असतील आणि ते पुन्हा लावून बघावे लागतील.